‘ग्राही’ : एका संज्ञेचा व तिच्यामागील शोधाचा इतिहास

विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी पेशीच्या पृष्ठभागावरील एखाद्या विशिष्ट रेणूस चिकटतो आणि त्या रेणूस ‘ग्राही’ म्हणतात, हे विधान आता पाठ्यपुस्तकांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र रूढ झाले आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र ह्या संदर्भातील एका लहानशा गोष्टीकडे जाते. ‘अमुक विषाणूचा ग्राही’, ‘अमुक विषाणूसाठी असलेला ग्राही’ असे शब्दप्रयोग सर्रास केले जातात. त्यांतील ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय आणि ‘साठी’ हे चतुर्थीच्या अर्थाचे शब्दयोगी अव्यय नेमका कोणता संबंध दाखवितात? ‘पाण्यासाठी घागर’ असे आपण म्हणतो तेव्हा घागर पाण्याकरिताच घडविलेली असते. पेशीने आपल्या पृष्ठभागावरील एखादा रेणू विषाणूकरिता घडविला, असे कोणीही जाणता म्हणणार नाही. तरीही शास्त्रीय व्यवहारात हा प्रयोग रुजला, टिकला आणि त्याने संशोधनास कधी वाट दाखविली, तर कधी वाट चुकविली. हे कसे घडले ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. उदाहरणादाखल मुख्यतः इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा इतिहास घेतला आहे. कारण ‘ग्राही’ हा शब्द निव्वळ कल्पनेतून उतरून एका नेमक्या रासायनिक द्रव्यावर येऊन स्थिरावला तो प्रथम ह्याच क्षेत्रात.

‘व्हायरस’ ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘विष’ असा आहे. मराठीतील ‘विषाणू’ हा शब्द घडविताना तो अर्थ राखला गेला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने उपकारकच म्हणावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘व्हायरस’ म्हणजे रोग उत्पन्न करणारे कोणतेही विषारी द्रव्य, असा सैल अर्थ प्रचलित होता. बायेरिंक ह्यांनी तंबाखूच्या पानांवरील रोगाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध १८९८ मध्ये लिहिला. पण आजच्या अर्थाने विषाणूची संकल्पना स्थिर होण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. ग्राहीची कल्पना ज्या प्रश्नातून जन्मास आली तो प्रश्न विषाणूंचा नव्हताच. तो शब्दशः विषांचा होता. घटसर्पाचे जंतू जे विष निर्माण करतात ते शरीरातील ठरावीक पेशींनाच का बाधते, आणि त्याचा उतारा रक्तात कसा उत्पन्न होतो, हा तो प्रश्न.

त्याच्या उत्तराची एक बाजू रसायनशास्त्राने आधीच तयार करून ठेवली होती. बर्लिन येथील एमिल फिशर ह्यांनी १८९४ मध्ये असे दाखविले होते की, यीस्टमधील एक विकर (ज्यास आज आपण एंझाइम म्हणतो) ग्लुकोजच्या एका संयुगाचे विघटन करते, तर कडू बदामातील दुसरे विकर त्याच संयुगाच्या जुळ्या भावाचे विघटन करते. आणि ही दोन संयुगे घटकांनी तंतोतंत सारखी असून केवळ अवकाशातील मांडणीने भिन्न असतात. हे समजावून देण्याकरिता त्यांनी कुलूप आणि किल्ली ह्यांची उपमा योजिली. निबंधाच्या ओघात आलेली ही उपमा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जीवरसायनशास्त्राच्या बोलीत घर करून राहिली.

पॉल एर्लिख ह्यांनी १८९७ मध्ये घटसर्पाच्या उताऱ्याचे प्रमाणीकरण करण्याच्या निमित्ताने आपली ‘पार्श्वशृंखला’ उपपत्ती मांडली. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रात मुरलेल्या एर्लिख ह्यांनी पेशीतील सजीव द्रव्य बेंझिनच्या वलयासारखे कल्पिले. मध्यभागी गाभा आणि त्यास जोडलेल्या अनेक लहान शृंखला, असे ते चित्र होते. ह्या शृंखलांचे नित्याचे काम अन्नद्रव्ये पकडून पेशीत घेण्याचे. घटसर्पाच्या विषाचा एक भाग योगायोगाने अशा एका शृंखलेत नीट बसतो. शृंखला अडकून पडते. पेशी तिच्या जागी नव्या शृंखला निर्माण करते, त्याही गरजेहून अधिक. आणि ह्या जादा शृंखला सुटून रक्तात आल्या म्हणजे तोच उतारा. विषाचेही त्यांनी दोन भाग कल्पिले. एक चिकटणारा आणि दुसरा बाधणारा. पहिल्यास त्यांनी ग्रीक धातूवरून ‘हॅप्टोफोर’ असे नाव दिले. १९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील क्रूनियन व्याख्यानात त्यांनी ही उपपत्ती चित्रांसह मांडली, आणि त्याच वर्षी मॉर्गनरोथ ह्यांच्या सहकार्याने लिहिलेल्या निबंधात ‘पार्श्वशृंखला’ ह्या शब्दाऐवजी ‘रिसेप्टर’ हा शब्द आणला.

शब्दांच्या ह्या अदलाबदलीकडे इतिहासकारांनी दिले आहे त्याहून अधिक लक्ष द्यावयास हवे, असे मला वाटते. ‘पार्श्वशृंखला’ ही संज्ञा त्या वस्तूची रचना सांगते. तिचे काम कोणते, ह्याविषयी ती काहीच बोलत नाही. ‘रिसेप्टर’ ही संज्ञा नेमकी उलटी. ती रचनेविषयी मौन पाळते आणि काम सांगते. तेही पाहुण्याच्या बाजूने. एर्लिख ह्यांना शृंखलेचे मूळ काम पोषणाचे, आणि विषाचे तिला चिकटणे हा अपघात, ही गोष्ट पूर्णपणे अवगत होती. किंबहुना त्यांच्या उपपत्तीचा तो कणाच होता. पण नवी संज्ञा रूढ झाली तेव्हा ‘पोषण’ मागे पडले आणि ‘ग्रहण’ तेवढे उरले. अर्थसंकोचाचे असे दाखले भाषेच्या इतिहासात अनेक सापडतात. येथे तो एका दशकाच्या आत आणि जवळजवळ एकाच विद्वानाच्या लेखणीखाली घडला, एवढेच विशेष.

मराठी ‘ग्राही’ ह्या शब्दाचेही थोडे पाहू. ग्रह् धातूस कर्त्याच्या अर्थी णिनि प्रत्यय पाणिनीने सांगितला आहे. त्यावरून ग्राही म्हणजे पकडणारा, घेणारा. लॅटिनमधील मूळ धातूही पकडण्याचाच. दोन्ही भाषांत कर्तृत्व पेशीकडे जाते. जणू विषाणू आपला वाटेने जात असता पेशीने त्यास हात धरून आत ओढले. ‘ग्राहक’ हे रूप त्याच धातूचे. परंतु मराठीत ते दुकानाच्या दारात जाऊन बसले असल्यामुळे शास्त्रीय लेखनात ‘ग्राही’ हेच सोयीचे.

केंब्रिज येथील लँगली ह्यांनी १९०५ मध्ये, निकोटिन व क्युरारे ह्यांच्या स्नायूंवरील परिणामांच्या अभ्यासावरून, स्वतंत्र मार्गाने जवळजवळ ह्याच कल्पनेस येऊन ‘ग्रहणशील द्रव्य’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. तथापि पुढील कित्येक दशके ग्राही हे सोयीकरिता मानलेले अनुमान आहे, त्यास बाटलीत भरता येत नाही, अशी शंका अनेक शास्त्रज्ञ घेत राहिले. ती शंका रास्तच होती. ज्या वस्तूचे केवळ नाव आहे, आणि ज्या नावाचा अर्थ ‘येथे काहीतरी चिकटते’ एवढाच आहे, तिच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून पुन्हा चिकटण्याकडेच बोट दाखविणे हा तर्कशास्त्रातला चक्रक दोष होय.

हे चक्र फोडण्याचा मान, काहीशा अनपेक्षित रीतीने, इन्फ्लुएंझाच्या अभ्यासाकडे जातो. मनुष्याच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ ह्यांनी फेरेट ह्या प्राण्याच्या साह्याने वेगळा केला. पुढे तो कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यात वाढविण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्क येथे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट हे अशा अंड्यांतून विषाणुयुक्त द्रव काढीत असता गर्भाची एखादी रक्तवाहिनी फाटून तांबड्या पेशी त्या द्रवात मिसळत. त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, हे हर्स्ट ह्यांच्या लक्षात आले. त्यांचे टिपण १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कॅनडातील मॅकक्लेलंड व हेअर ह्यांनीही स्वतंत्रपणे हेच निरीक्षण नोंदविले. ह्या क्रियेस ‘ॲग्लुटिनेशन’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा शब्द चांगला परिचित आहे. तुर्की किंवा द्राविडी भाषांत प्रत्यय धातूस एकामागून एक चिकटतात, त्या प्रकारास आपण हेच नाव देतो. लॅटिनमधील डिंकाचा शब्द दोन्हीकडे आहे. पण भाषेत प्रत्येक प्रत्ययाचा सांधा ओळखू येतो, आणि ह्या रक्ताच्या गुठळ्यांतील सांधा ओळखण्यासच पुढली चाळीसहून अधिक वर्षे खर्ची पडावयाची होती.

गुठळ्यांचे निरीक्षण कोणाही दक्ष प्रयोगकाच्या नजरेस आले असते. हर्स्ट ह्यांची थोरवी त्यापुढील प्रयोगात आहे, जो त्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. थंड द्रवात विषाणू तांबड्या पेशींस चिकटून राहतो. तेच मिश्रण शरीराच्या उष्णतेस आणले की काही तासांत तो आपोआप सुटून येतो. सुटलेला विषाणू नव्या पेशींस पूर्वीप्रमाणेच चिकटू शकतो. परंतु ज्या पेशींवरून तो सुटला त्या पेशींस नवा विषाणू पुन्हा चिकटत नाही. म्हणजे ह्या व्यवहारात विषाणूचे काही गेले नाही, पेशीचे मात्र काहीतरी कायमचे गेले. देणारा बदलला आणि घेणारा जसाच्या तसा राहिला, हे विकराचे लक्षण होय. आणि विषाणूच्या अंगी विकर असून ते पेशीवरील ग्राहीचा नाश करते, असे अनुमान हर्स्ट ह्यांनी काढले. ग्राहीचे अस्तित्व आता त्याच्या चिकटण्यावरून नव्हे, तर त्याच्या नाहीशा होण्यावरून सिद्ध होत होते. पूर्वोक्त चक्रक दोष येथे सुटला.

मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट ह्यांनी हा धागा उचलला. १९४६ मध्ये त्यांनी मॅक्रे व स्टोन ह्या सहकाऱ्यांसह असे दाखविले की, गालगुंड, कोंबड्यांतील न्यूकॅसल रोग आणि इन्फ्लुएंझाचे निरनिराळे वाण ह्यांच्या विषाणूंची एक पायरीवार श्रेणी लावता येते. एका विषाणूने ग्राही संपविलेल्या पेशी त्याला व श्रेणीतील त्याच्या आधीच्या विषाणूंना निरुपयोगी होतात, पण नंतरचे विषाणू त्यांना अद्याप चिकटवू शकतात. अधिक महत्त्वाचे म्हणजे पटकीच्या जंतूंच्या संवर्धनातील गाळलेल्या द्रवात एक विकर सापडले, की जे ह्या सर्व विषाणूंचे ग्राही नाहीसे करीत असे. बर्नेट व स्टोन ह्यांनी त्याचे नाव ठेविले ‘ग्राहीनाशक विकर’.

हे नाव म्हणजे अज्ञाताच्या पायावर उभारलेला दुसरा मजला. ग्राही म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याचा नाश करणारे द्रव्य म्हणजे काय हेही ठाऊक नाही. आणि तरी पहिल्याच्या नावावरून दुसऱ्याचे नाव बेतलेले. भाषेच्या दृष्टीने हे धाडसच म्हटले पाहिजे. पण प्रयोगाच्या दृष्टीने ते विलक्षण उपयुक्त ठरले. कारण आता कोणत्याही पेशीस हे विकर लावून पाहता येत होते. उंदरांच्या फुप्फुसांवर व अंड्यांतील गर्भावर ते लावले असता इन्फ्लुएंझाची लागण काही प्रमाणात रोखता येते असे दिसून आले. तांबड्या पेशींवरील ग्राही आणि जिवंत ऊतकावरील लागणीचे द्वार ही एकच वस्तू आहे, ह्याचा हा पहिला सबळ पुरावा. हा उपाय औषध म्हणून चालेल काय, अशी आशा त्या वेळी उत्पन्न होणे स्वाभाविक होते. परंतु फुप्फुसातील पेशी थोड्याच दिवसांत आपले ग्राही पुन्हा निर्माण करतात असे आढळले. नष्ट केलेली शृंखला पेशी पुन्हा उगवून आणते, हे एर्लिख ह्यांनी अर्धशतकापूर्वी म्हटलेलेच होते. चिकटलेल्या विषाणूस पेशी स्वतःच गिळते, ही कल्पना त्याच संस्थेतील फाझेकस ह्यांनी १९४८ मध्ये मांडली आणि तीस ‘व्हायरोपेक्सिस’ असे ग्रीक धाटणीचे नाव दिले. नाव फारसे टिकले नाही, कल्पना टिकली.

ग्राहीस बाटलीत भरण्याचे श्रेय आल्फ्रेड गॉटशाल्क ह्यांच्याकडे जाते. जर्मनीतून निघून १९३९ मध्ये मेलबर्नला आलेले हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या कामी आली ती एक आडवाटेची वस्तू. अंड्यातील पांढऱ्या बलकात, मूत्रात व लाळेत असे काही बुळबुळीत पदार्थ असतात की, ते मिसळले असता विषाणू तांबड्या पेशींस चिकटेनासा होतो. म्हणजे पेशीवरील ग्राहीची नक्कल ह्या पदार्थांत मोकळी तरंगत असते, आणि विषाणू तिलाच धरून बसतो. विषाणूच्या विकराची क्रिया अशा पदार्थावर केली असता एक लहानसा रेणू सुटून येतो, हे गॉटशाल्क व लिंड ह्यांनी १९४९ मध्ये दाखविले. हा रेणू कोणता ह्याचे उत्तर शोधताना तीन देशांतील तीन वाटा एकत्र आल्या. स्वीडनमध्ये उप्साला येथील गुन्नार ब्लिक्स ह्यांनी १९३६ मध्येच बैलाच्या लाळग्रंथीतून एक आम्ल वेगळे केले होते. त्यास पुढे १९५२ मध्ये ग्रीक भाषेतील लाळेच्या शब्दावरून ‘सियालिक आम्ल’ हे नाव मिळाले. जर्मनीत एर्न्स्ट क्लेंक ह्यांनी १९४१ मध्ये मेंदूतील स्निग्ध द्रव्यांतून मिळालेल्या पदार्थास मज्जेच्या शब्दावरून ‘न्यूरॅमिनिक आम्ल’ म्हटले होते. विषाणूचे विकर जो रेणू तोडते तो ह्याच कुळातील असल्याचे १९५५ मध्ये क्लेंक ह्यांच्या कलोन येथील प्रयोगशाळेतून सिद्ध झाले. ब्लिक्स ह्यांचे आम्ल ज्या अभिकारकाने जांभळे होत असे त्यास एर्लिख ह्यांचेच नाव आहे. हा निव्वळ योगायोग; पण ग्राहीच्या जनकाची अशी रंगीत हजेरी लागावी हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

लाळेवरून एक नाव, मेंदूवरून एक नाव, आणि वस्तू एकाच कुळातील. ब्लिक्स, गॉटशाल्क व क्लेंक ह्यांनी १९५७ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात संयुक्त टिपण प्रसिद्ध करून हा तंटा मिटविला. मूळ, कोणताही गट न जोडलेल्या रेणूस ‘न्यूरॅमिनिक आम्ल’ म्हणावे आणि त्यापासून झालेल्या साऱ्या कुटुंबास ‘सियालिक आम्ले’ म्हणावे. परिभाषेच्या इतिहासात तीन प्रतिस्पर्धी इतक्या सलोख्याने एका पानावर सह्या करतात, असे दृश्य विरळा. परिभाषा समित्यांवर काम केलेल्या कोणासही हे पटेल. त्याच वर्षी गॉटशाल्क ह्यांनी त्या विकरास ‘न्यूरॅमिनिडेझ’ हे नाव दिले. ‘ग्राहीनाशक’ हे कामावरून पडलेले नाव जाऊन द्रव्यावरून पडलेले नाव आले. आणि ग्राही म्हणजे पेशीवरील शर्करांच्या साखळीच्या टोकाशी असलेले सियालिक आम्ल, हे एकदाचे निश्चित झाले.

येथे कुलूप-किल्लीच्या उपमेने मात्र घोटाळा करून ठेवला होता. विकर आपल्या द्रव्यास चिकटते. विषाणूपाशी सियालिक आम्ल तोडणारे विकर आहे. तेव्हा विषाणू पेशीस चिकटतो तो ह्या विकरानेच, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. विरुद्ध पुरावा समोर नव्हता असे नाही. इन्फ्लुएंझाच्या विशिष्ट वाणाचा विषाणू थोडा तापविला असता तो ग्राही तोडू शकत नाही, पण तांबड्या पेशी पूर्वीप्रमाणेच चिकटवितो, हे १९४७ च्या सुमारास माहीत झाले होते. चिकटणारा अवयव आणि तोडणारा अवयव भिन्न आहेत, असा सरळ निष्कर्ष त्यावरून निघू शकत होता. पण त्याऐवजी किल्ली कुलपात जाते, फक्त फिरत नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. उपमा पुराव्यास कशी वाकवू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. अखेर १९६० नंतरच्या काही वर्षांत लेव्हर व इतर संशोधकांनी विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिने प्रत्यक्ष वेगळी केली. एक चिकटणारे, ते हेमॅग्लुटिनिन. दुसरे तोडणारे, ते न्यूरॅमिनिडेझ. पलेसे व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७४ मध्ये दाखविले की, तोडणारे प्रथिन निकामी झाले तर नवे विषाणू जन्मस्थानीच पेशीस व एकमेकांस चिकटून घोळका करून राहतात. म्हणजे ज्या विकरास प्रवेशाचे साधन मानले होते ते मुख्यतः बाहेर पडण्याचे साधन निघाले. ह्याच विकराच्या रचनेवरून १९९३ मध्ये झानामिव्हिर हे औषध बेतले गेले. ते विषाणूस पेशीत जाण्यापासून नव्हे, पेशीतून सुटण्यापासून अडविते.

चिकटणाऱ्या प्रथिनाची त्रिमितीय रचना विल्सन, स्केहेल व वायली ह्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. तीन सारख्या घटकांचा एक उंच खांब, आणि प्रत्येक घटकाच्या माथ्यावर एक उथळ खळगी. त्या खळगीत सियालिक आम्ल बसलेले प्रत्यक्ष दिसले ते १९८८ मध्ये. जे दिसले ते कुलपासारखे फारसे नव्हते. एका खळगीची पकड इतकी दुबळी असते की, एकटे सियालिक आम्ल तीत क्षणभरही नीट टिकत नाही. पकड येते ती संख्येने. विषाणूच्या अंगावर असे खांब शेकड्यांनी असतात आणि पेशीवर सियालिक आम्लाची टोके असंख्य. रानातून चालताना धोतरास आघाडा चिकटतो तेव्हा त्याचे एकेक कुसळ सहज सुटण्यासारखे असते, पण सारी मिळून सोडत नाहीत. फिशर ह्यांना बर्लिनमध्ये आघाडा दिसला असता तर उपमेचा इतिहास निराळा झाला असता की काय, न कळे.

आणि तरीही ही उथळ खळगी निवडक आहे. सियालिक आम्ल आपल्या शेजारच्या शर्करेस दोन प्रकारे जोडलेले असू शकते. तिच्या तिसऱ्या कार्बनाशी किंवा सहाव्या कार्बनाशी. रॉजर्स व पॉलसन ह्यांनी १९८३ मध्ये दाखविले की, मनुष्यातील इन्फ्लुएंझाचे विषाणू सहाव्या जोडणीस पसंती देतात, तर पक्ष्यांतील विषाणू तिसऱ्या जोडणीस. बदकांच्या आतड्यात तिसरी जोडणी असते. मनुष्याच्या नाक-घशाच्या अस्तरात मुख्यतः सहावी. विशिष्ट वाणात हा फरक चिकटणाऱ्या प्रथिनातील २२६ क्रमांकाच्या एकाच ॲमिनो आम्लावर अवलंबून असल्याचेही त्याच वर्षी आढळले. वाक्यातील एका अक्षराने अर्थ फिरावा तसा हा प्रकार. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची १८ माणसांना लागण होऊन त्यांपैकी ६ दगावली, तरी तो रोग माणसातून माणसात फैलावला नाही. ह्याच्या अनेक कारणांपैकी एक ह्या जोडणीत असावे असे मानले जाते. मनुष्याच्या फुप्फुसात खोलवर तिसरी जोडणी आढळते असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, लागण झालेल्यांस न्यूमोनिया इतका तीव्र का होतो आणि तरी शिंकेतून रोग का पसरत नाही, ह्या दोहोंचा उलगडा एकत्र होऊ लागला. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींत ह्याच कुळातील विषाणू पसरल्याचे आढळले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस असे प्रसिद्ध झाले की, त्या विषाणूच्या चिकटणाऱ्या प्रथिनात २२६ व्या स्थानीचा एकच बदल केला असता त्याची पसंती मनुष्याच्या जोडणीकडे वळते. चाळीस वर्षांपूर्वी काहीसा तांत्रिक वाटणारा हा क्रमांक आज जगभरच्या प्रयोगशाळांत काळजीपूर्वक वाचला जातो.

आता आरंभी उपस्थित केलेल्या षष्ठी-चतुर्थीच्या प्रश्नाकडे वळू. इन्फ्लुएंझाचा ग्राही आधी निनावी होता आणि मग त्यास रासायनिक नाव मिळाले. इतर विषाणूंच्या बाबतीत मात्र विषाणूच्या नावानेच पेशीच्या रेणूस ओळखण्याची प्रथा पडली. जीवाणूंवर जगणाऱ्या लॅम्डा विषाणूचा ग्राही ज्या जनुकापासून तयार होतो त्यास ‘लॅम-बी’ असे नाव आहे. वस्तुतः ते प्रथिन माल्ट-शर्करा व तिच्याहून लांब साखळ्या आत घेण्याचे द्वार होय, आणि हे १९७५ च्या सुमारास उघड झाले. एर्लिख ह्यांची पोषक पार्श्वशृंखला अखेर येथे अक्षरशः सापडली, पण नाव विषाणूचेच राहिले. पोलिओच्या विषाणूची गोष्ट अशीच. उंदराच्या पेशीस पोलिओ होत नाही. परंतु विषाणूचे कवच काढून आतील रिबोन्यूक्लिइक आम्ल पेशीत सोडले तर माकडांखेरीज इतर प्राण्यांच्या पेशींतही नवे विषाणू तयार होतात, हे हॉलंड, मॅक्लॅरेन व सायव्हर्टन ह्यांनी १९५९ मध्ये दाखविले. अडसर होता तो दाराशी, घरात नव्हे. मेंडेलसोन, विमर व रॅकानिएलो ह्यांनी १९८९ मध्ये त्या दाराचे जनुक वेगळे केले, आणि ते घातलेल्या उंदरांना पुढील वर्षी पोलिओ होऊ लागला. ह्या प्रथिनाचे स्वतःचे काम पेशींना परस्परांशी जोडण्यात व प्रतिकारक पेशींशी संवाद साधण्यात असते, हे विसाव्या शतकानंतर कळले. तरी मानवी जनुकांच्या अधिकृत नामावलीत ते आजही ‘पोलिओ विषाणूचा ग्राही’ ह्याच नावाच्या आद्याक्षरांनी नोंदलेले आहे. म्हणजे आपणा सर्वांच्या पेशींत एका रोगाच्या नावाचा दरवाजा आहे आणि तो रोग जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे.

१९८४ मध्ये एड्सच्या विषाणूचा ग्राही म्हणून ओळखले गेलेले सीडी-४ हे प्रथिन प्रतिकारक पेशींचे ओळखचिन्ह म्हणून आधीच परिचित होते, म्हणून त्याचे नाव वाचले. १९९६ मध्ये त्याच्या जोडीदारांपैकी एकास प्रथम, विषाणूच्या पेशीशी होणाऱ्या एकजीवीकरणावरून, ‘फ्यूझिन’ म्हटले गेले. पण ते शरीरातील एका संदेशवाहक प्रथिनाचे ग्राही आहे हे लगेच कळल्याने ते नाव बदलण्यात आले. २००३ मध्ये सार्सच्या, आणि २०२० मध्ये कोव्हिडच्या, विषाणूचे द्वार ठरलेले एसीई-२ हे रक्तदाबाच्या नियमनाशी संबंधित विकर, आणि २०१२ मध्ये ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे द्वार ठरलेले यकृतातील पित्तक्षारांचे वाहक प्रथिन, ह्यांची नावेही त्यांच्या नित्य कामावरूनच पडलेली होती. माझ्या मते ही प्रथा अधिक हितकर. ज्या रेणूचे नाव त्याचे घरचे काम सांगते, तो सरसकट बंद केल्यास घरातील काय बंद पडेल, हा प्रश्न औषध शोधणाऱ्यास पहिल्याच दिवशी पडतो. रेणूचे नाव पाहुण्याने ठेवलेले असेल, तर हा प्रश्न पडावयास वेळ लागतो.

‘ग्राहीनाशक विकर’ हे बर्नेट ह्यांचे नाव शास्त्रीय परिभाषेतून १९५७ नंतर मागे पडले, पण व्यवहारातून गेले नाही. इन्फ्लुएंझाच्या वाणांची ओळख पटविण्याकरिता हर्स्ट ह्यांच्या गुठळ्यांचीच चाचणी थोड्या फरकाने आजही वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या इन्फ्लुएंझा-केंद्रांना ती नित्याची आहे. चाचणीपूर्वी रक्तरसातील तरंगत्या नकली ग्राहींचा काटा काढावा लागतो, आणि त्याकरिता पटकीच्या जंतूंपासून मिळविलेले जे विकर वापरतात त्याच्या कुपीवर त्याच जुन्या नावाची आद्याक्षरे असतात. पटकीच्या जंतूस मात्र ह्या विकराचा उपयोग निराळाच आहे. कलकत्त्यास शंभुनाथ दे ह्यांनी १९५९ मध्ये ज्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले, ते पटकीचे विष आतड्याच्या पेशींवरील एका विशिष्ट शर्करायुक्त स्निग्ध द्रव्यास चिकटते. त्याच कुळातील इतर द्रव्यांवर सियालिक आम्लाची जादा टोके असतात, म्हणून विष त्यांना तितकेसे चिकटत नाही. जंतूचे विकर ती जादा टोके छाटते, आणि त्या द्रव्यांचे रूपांतर विषाच्या ग्राहीत होते. मेलबर्नच्या प्रयोगशाळेत ज्याचे नाव ‘ग्राहीनाशक’ पडले, ते आपल्या मूळ घरी ग्राही निर्माण करीत असते.